गुगामल राष्ट्रीय उद्यान

गुगामल राष्ट्रीय उद्यान : महाराष्ट्रातील अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या गाविलगड नामक डोंगररांगेत वसलेले आणि मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा गाभा मानले जाणारे राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ३६१.२८ चौ. किमी. चिखलदरा व धारणी या डोंगरी तालुक्यांच्या टापूत ते येते. राज्यात एकंदर सहा राष्ट्रीय उद्याने असून त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे परभणी, हिंगोली या बाजूच्या लोकांना राखीव अरण्याचे दर्शन घ्यावयाचे तर वऱ्हाड ओलांडून ज्या पहाडात शिरावे लागते, त्यातील हे स्थळ होय.

१९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता. १९८५ मध्ये १,५९७.२३ चौ. किमी.चे अभयारण्य जाहीर झाले व १९८७ मध्ये त्यातून प्रस्तुत उद्यान वेगळे काढण्यात आले. १९९४ च्या फेररचनेत अभयारण्याचा विस्तार घटून ७८८.२८ चौ. किमी. झाला. पुढे नरनाळा (१२.३५ चौ. किमी.), वान (२११ चौ. किमी.) व अंबाबरवा (१२७.११ चौ. किमी.) ही अभयारण्ये प्रकल्पास जोडली गेली. व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र १,६७७ चौ. किमी. असल्याचे जुन्या पुस्तकांतून आढळते. सांप्रत गाभा १,५००.४९ व भोवतालचा पट्टा मिळून ते २,७६८.५२ चौ. किमी. धरले जाते.

भूरूप : वऱ्हाडच्या काळ्या, सपाट, कापसाच्या मुलुखातून उत्तरेकडे जाणाऱ्यास हा डोंगर प्रथम क्षितिजावरील निळसर रेघेसारखा दिसतो आणि परतवाडा वा अकोट सोडताच एकाएकी कड्यांच्या रूपाने समोर उभा ठाकतो. काळ्या बेसाल्ट खडकाच्या माथ्यांमध्ये नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या असून सर्वोच्च शिखर वैराट (१,१७८ मी.) येथे आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या नद्या तापीस मिळतात. दक्षिण उतारावरील चंद्रभागा, शहानूर इ. प्रवाह पूर्णेमार्गे अखेर तापीतच जातात. (ही पूर्णा वऱ्हाडची, परभणी जिल्ह्यातून वाहत गोदावरीस मिळणारी पूर्णा निराळी.) या भूमीचा यच्चयावत इतिहास तिच्या दुर्गमतेने घडविलेला आहे. येथे किल्ले उभे राहिले ते या कड्यांच्या भरवशावर, अरण्य वाचले ते गाडीवाटेच्या अभावी, आणि येथील माणसाची उपेक्षा झाली तीही याच कारणाने.

इतिहास : उद्यानाच्या दक्षिणेस चिखलदऱ्यानजीक असलेला गाविलगड हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास बांधविला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्यापूर्वी या डोंगरावर गवळी राजांची गढी होती, ही समजूत लोकांत रूढ आहे. बहमनी सत्तेस उतरती कळा लागली तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क याने गाविलगड व पश्चिमेकडील नरनाळा या दोन्ही दुर्गांची डागडुजी करून त्यांस नवी प्रवेशद्वारे बांधली आणि १४९० मध्ये स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा याच काळातला असून कोरीव गवाक्षे व शिलालेख यांनी नटलेली ही वास्तू वऱ्हाडातील मुसलमानी स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना म्हणावा लागेल. ऐन अभयारण्याच्या हद्दीत ती असूनही वाघाच्या शोधात निघालेल्या पर्यटकांपैकी फारच थोडे तिच्यासाठी वाट वाकडी करतात, हे खेदजनक आहे.

इमादशाहीच्या कारभारात परभणीकडील वाचकास विशेष रुची वाटावी असे एक प्रकरण आहे. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीचे. पूर्वजांचे गाव आपल्या ताब्यात असावे, ही त्या घराण्याची आकांक्षा. पाथरीचा परगणा मात्र वऱ्हाडकरांच्या अंमलात. या एका गावावरून सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुऱ्हाण निजामशाह व अलाउद्दीन इमादशाह यांच्यात वारंवार युद्धे जुंपली, पाथरी अहमदनगरकरांनी घेतली, आणि अखेर १५७४ मध्ये इमादशाहीच निजामशाहीत बुडाली. चांदबिबीने १५९६ च्या तहान्वये वऱ्हाड मोगलांस दिल्यावर आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या ज्या सरकारांची नोंद झाली, त्यांत गाविल आणि पाथरी ही दोन्ही सरकारे आहेत. म्हणजे आज ज्या डोंगरात परभणीचा प्रवासी परका पाहुणा म्हणून शिरतो, तो डोंगर व त्याचे गोदाकाठचे शिवार एकेकाळी एकाच सुभ्याच्या दप्तरी होते.

अठराव्या शतकात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या हाती आला. दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात अडगावच्या लढाईनंतर (२९ नोव्हेंबर १८०३) आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याने गाविलगडास वेढा दिला. दक्षिणेचा कडा चढण्यास अशक्य असल्याने कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरास वळसा घालून उत्तरेकडील लबाडा गाव गाठले. ७ ते १२ डिसेंबर या अवधीत पुढे रस्ता फोडीत आणि मागून अवजड तोफा माणसांच्या हातांनी ओढीत या फौजेने जे अंतर कापले, ते पाहता प्रत्यक्ष हल्ल्यापेक्षा ही वाटचालच अधिक संस्मरणीय ठरते. १५ डिसेंबर रोजी बाहेरचा कोट पडला. आतील तटास शिड्या लावून कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी आत उतरली आणि किल्लेदार बेनीसिंग आपल्या शिबंदीसह लढत धारातीर्थी पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडून देताना दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी गाविलगड व नरनाळा मात्र स्वतःकडे राखले. १८२२ मध्ये तेही हैदराबादच्या निजामाकडे गेले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि तेथून मेळघाट व मराठवाडा यांच्या प्रशासकीय वाटा कायमच्या फुटल्या.

निजामाच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये प्रसिद्धीस आणलेले चिखलदरा (सु. १,११८ मी.) हे थंड हवेचे ठिकाण पुढे इंग्रज अंमलदारांचे उन्हाळी मुक्कामाचे व मेळघाट तालुक्याच्या कचेरीचे गाव बनले. भीमाने कीचकास मारून दरीत लोटल्याची कथा येथील भीमकुंडाशी निगडित आहे. महाराष्ट्रात कॉफीचे मळे असलेले ठिकाण म्हणूनही ते ओळखले जाते.

अर्थव्यवस्था : कोदो-कुटकी, ज्वारी, मका ही पिके, मोह, तेंदूपाने, बांबू, मध ही वनोपजे. हंगाम संपल्यावर मजुरीसाठी मैदानी भागात स्थलांतर होते.

लोक : मुख्य वस्ती कोरकूंची, गोंड, निहाल, गवळी, गवलान, बलाई हेही आढळतात. कोरकू भाषा मुंडा कुलातील असून त्या कुलातील भाषांत ती सर्वांत पश्चिमेकडील होय. १९९० नंतरच्या दशकात मेळघाटाचे नाव वृत्तपत्रांतून गाजले ते वाघांमुळे नव्हे, तर कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंमुळे. बैरागड येथे दीर्घकाळ वैद्यकीय सेवा करणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांस २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली. बोरी, कोहा व कुंड ही गावे एकविसाव्या शतकाच्या आरंभी गाभ्याबाहेर हलविण्यात आली. मागाहून वैराट, चुर्णी, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी इ. गावेही उठली. प्रत्येक कुटुंबास आरंभी १० लक्ष व पुढे १५ लक्ष रुपये असा मोबदल्याचा दर केंद्राने ठरविला. मोकळ्या झालेल्या शिवारांत आज गवत माजले असून त्यावर गवे व सांबर चरतात. पर्यटकांस दाखविल्या जाणाऱ्या या कुरणांची शोभा निःसंशय आहे, परंतु तेथे काल-परवापर्यंत नांगर चालत होता ही गोष्ट मार्गदर्शकाने सांगितल्यावाचून राहू नये, असे वाटते.

वनश्री व प्राणी : अरण्य शुष्क पानझडी, साग मुख्य. त्याखेरीज ऐन, तिवस, धावडा, हळदू, कुसुम, मोह, तेंदू व बांबू. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, गवा, सांबर, चौशिंगा, भेकर, नीलगाय, रानडुक्कर, उडती खार इ. प्राणी आहेत. वाघांची संख्या दर गणनेगणिक पालटत असल्याने तिला येथे स्थान दिलेले नाही. ढाकणानजीक गडगा नदीवरील सिद्धूकुंडात १९९० व १९९१ मध्ये मगरी सोडण्यात आल्या.

पक्ष्यांत सर्वाधिक महत्त्वाचा रानपिंगळा. १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने वर्णिलेला हा लहानसा, दिवसाउजेडी वावरणारा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणाच्याही हाती न लागल्याने नामशेष समजला गेला. दरम्यान १९१४ मध्ये तो मिळाल्याचा मायनर्टझहागन या संग्राहकाचा दावा होता. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुने पारखून तो नमुना चोरून नवे लेबल लावलेला असल्याचे दाखविले, आणि त्याने सांगितलेली जागा वगळून जुन्या अस्सल नोंदींच्या आधारे शोध घेत १८८४ पासून ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ त्या व त्यांचे सहकारी यांनी हा पक्षी प्रत्यक्ष पाहिला. त्यानंतरच्या पाहण्यांत मेळघाटातही त्याची वस्ती आढळली. सागाच्या निष्पर्ण फांदीवर सकाळच्या उन्हात बसलेला हा पक्षी ज्यास दिसला, त्याची यात्रा वाघाविना सुफळ झाली असे खुशाल समजावे.

पर्यटन : सफारीचे नाव काढताच ताडोब्याचे तळे व तळ्याकाठचा वाघ ज्यांच्या डोळ्यांसमोर येतो, त्यांची मेळघाटात बहुधा निराशा होते. दऱ्या खोल, झाडोरा दाट, रस्ते वळणांचे आणि वन्य पशू विखुरलेले. परिणामी जिप्सीच्या एका फेरीत पाहुण्यास गव्यांचा कळप, अस्वलाने उकरलेले वारूळ, झाडाच्या बुंध्यावरील नखांचे ओरखडे आणि वाटेच्या धुळीतील पाउलठसा एवढाच ऐवज लाभणे हे येथे नेहमीचे आहे. ज्यास माग वाचण्याची गोडी आहे त्याला हा ऐवज थोडका वाटत नाही. इतरांनी अपेक्षा बेताची ठेवावी. सेमाडोह, हरिसाल, चिखलदरा व शहानूर येथून सफारीची सोय असून नोंदणीकृत मार्गदर्शक बरोबर घ्यावा लागतो. सेमाडोह येथे निसर्ग परिचय केंद्र व निवास आहे. सिपनेच्या वळणावर उंचवट्यावर बांधलेले कोलकासचे विश्रामगृह मात्र सर्वांत रमणीय होय. पावसाळ्यात गाभ्यातील वाटा बंद असतात. हिवाळ्यात पहाटेची थंडी मैदानातल्या माणसास सोसण्याजोगी नसते, हे परभणीकडून येणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. उघड्या गाडीत कानटोपी व घोंगडी अनाठायी ठरत नाही. उन्हाळ्यात पाने झडल्याने व पाणवठे आटल्याने प्राणी दिसण्याचा संभव अधिक. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यालगतच्या मचाणावर रात्र काढून प्राण्यांची नोंद करण्याचा उपक्रम वनखाते आखते, त्यास नागरिकांचाही प्रतिसाद लाभतो.

सफारी हा शब्द वऱ्हाडात येण्याच्या कितीतरी आधीपासून या अरण्यात यात्रा भरत आली आहे. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवास अकोट बाजूचे हजारो भाविक रात्रीच्या पावसात डोंगर चढून जातात. एरवी ज्या वाटेवर पायउतार होण्यास सक्त मनाई, त्या वाटेवर त्या दिवशी अनवाणी गर्दी लोटते. वनखात्यास बंदोबस्त ठेवून हा प्रघात चालू द्यावा लागतो.

दळणवळण : अमरावतीहून परतवाडा सु. ५० किमी.; तेथून घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल या क्रमाने धारणीस जाणारा रस्ता अरण्य चिरीत जातो. परतवाड्याजवळच मध्य प्रदेशाच्या हद्दीत मुक्तागिरी हे जैन तीर्थ आहे. नरनाळा व शहानूरकडे जाण्यास अकोट–पोपटखेड मार्ग सोयीचा.

मराठवाड्यातून येणाऱ्यास रेल्वेचा मार्ग पूर्णा जंक्शनवरून आहे. परभणी–पूर्णा लोहमार्गावरील, बारवेमुळे परिचित असलेल्या पिंगळीसारख्या लहान स्थानकाच्या गावाहून निघणाऱ्याने पूर्णेस गाडी बदलून वसमत, हिंगोली, वाशीममार्गे अकोल्यास उतरावे व पुढे रस्त्याने अकोट वा परतवाडा गाठावे. पूर्वी हा प्रवास अधिक सलग होता. पूर्णेहून निघालेली मीटरगेज अकोला, अकोट करीत थेट वान अभयारण्यात शिरे आणि वान रोड, धुळघाट ही स्थानके घेत खांडव्यास पोहोचे. धुळघाटाजवळ चढ कमी करण्यासाठी लोहमार्गास दिलेले वर्तुळाकार वळण हे त्या मार्गाचे वैशिष्ट्य. खालचा रूळ वरच्या डब्यातून दिसत असे. जयपूर–सिकंदराबाद दरम्यान धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने जाई, आणि खिडकीशी बसलेल्या उतारूस परवाना वा मार्गदर्शक यांवाचून व्याघ्रप्रदेशाचे दर्शन घडे. पूर्णा–अकोला भाग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोला–अकोटही पुढे झाला. अकोटच्या उत्तरेस अरण्यातून जाणाऱ्या भागाचे रुंदीकरण वन्यजीवप्रेमींच्या विरोधामुळे अडले आणि मार्ग अभयारण्याबाहेरून, बुलढाणा जिल्ह्याच्या बाजूने वळवावा अशी मागणी पुढे आली.