ओरडणारी तार आणि अडवणारी तार

#थ्रेड १/
मोटारीला स्वतः अलार्म बसवू पाहणाऱ्याच्या हाती एक लहान पेटी आणि वायरींचा जुडगा येतो. या जुडग्यात चोरीविरुद्धच्या दोन निरनिराळ्या कल्पना एकत्र बांधलेल्या आहेत: एक तार ओरडते, दुसरी अडवते. या दोन्ही कल्पनांचा इतिहास पाहू.

२/
आधी जोडणी. पेटीला बॅटरीचा कायम पुरवठा फ्यूजमधून द्यायचा. अर्थची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट कसायची. एक वायर सायरनकडे जाते, तर एक दाराच्या चौकटीतल्या स्विचकडे. दार उघडताच आतला दिवा लावणारा हा स्विच आता अलार्मलाही वर्दी देतो.

३/
ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. बोस्टनजवळच्या सॉमरव्हिल येथील ऑगस्टस पोप याने २१ जून १८५३ रोजी विजेच्या चोरघंटेचे पेटंट मिळवले. दार वा खिडकी उघडली की सर्किट पूर्ण होई आणि विद्युतचुंबकाच्या जोरावर घंटा वाजे. पुढे एडविन होम्सने हे हक्क विकत घेऊन त्यावर मोठा व्यवसाय उभारला.

४/
घरातली घंटा झोपलेल्या मालकाला जागे करी. रस्त्यावरच्या मोटारीचा मालक मात्र बहुधा दूर असतो. सायरन ऐकतात ते परके लोक. न्यूयॉर्कमध्ये खोट्या अलार्मचा उपद्रव एवढा वाढला की तीन मिनिटांत अलार्म आपोआप बंद झालाच पाहिजे, असा नियम शहराला करावा लागला.

५/
१९९७ साली अमेरिकेतील हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने विम्याच्या दाव्यांचा अभ्यास केला. अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदरीत घट आढळली नाही.

६/
आता दुसरी तार. किल्लीपासून स्टार्टरकडे जाणारी वायर कापून तिची दोन्ही टोके रिलेतून नेतात. अलार्म चालू असेपर्यंत रिले हा मार्ग तोडून ठेवतो. येथे स्टार्टरचीच वायर निवडण्यामागे कारण आहे: रिले बिघडला तरी धावत्या गाडीचे इंजिन भर रस्त्यात बंद पडत नाही.

७/
अडवण्याच्या कल्पनेची मोठी परीक्षा युरोपात झाली, तीही विजेशिवाय. पश्चिम जर्मनीने १९६३ पासून नव्या-जुन्या सर्व मोटारींना स्टिअरिंग लॉक सक्तीचे केले. चोऱ्या लक्षणीय घटल्या आणि कमीच राहिल्या. ब्रिटनने १९७१ पासून ते केवळ नव्या मोटारींना लावले. नव्या गाड्या सुरक्षित झाल्या, पण चोर जुन्या गाड्यांकडे वळले.

८/
त्यानंतर आला इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर. किल्लीतल्या चिपची ओळख पटल्याखेरीज इंजिन चालूच होत नाही. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेने अशी सक्ती केली नाही.

९/
त्याची किंमत पुढे दिसली. २०१५ च्या मॉडेलांत अमेरिकेतील इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मोटारींत इमोबिलायझर मूळचाच होता. ह्युंदाई आणि कियामध्ये हे प्रमाण होते २६ टक्के. त्या सहज चोरता येतात हे समाजमाध्यमांवरून पसरले आणि अल्पवयीन मुलेही त्या पळवू लागली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत अशा चोऱ्यांशी जोडलेल्या किमान १४ अपघातांची आणि ८ मृत्यूंची नोंद अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाकडे झाली होती.

१०/
कंपन्यांनी दिलेल्या सॉफ्टवेअर दुरुस्तीत दोन गोष्टी होत्या. अलार्म ३० सेकंदांऐवजी एक मिनिट वाजेल, आणि स्विचमध्ये किल्ली असल्याखेरीज गाडी चालू होणार नाही. म्हणजे पुन्हा त्याच दोन तारा: एक ओरडणारी, एक अडवणारी.

११/
तेव्हा अलार्म बसवताना सायरन वाजला म्हणजे काम संपले, असे मानू नये. रिलेची जोडणीही तितक्याच काळजीने करावी. मात्र ती तार आपली एकच गाडी राखते. आपल्या दारातून परतलेला चोर शेजारच्या गाडीकडे जाऊ शकतो, हे ब्रिटनने दाखवून दिले. आणि सर्वांसाठी एकच नियम केला तर काय घडते, हे जर्मनीने.