गांजा ‘लागत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दारू लागते, ब्राउन शुगर लागते, गांजा मात्र लागत नाही. वाटलं तेव्हा ओढावा, वाटलं तेव्हा सोडावा. हे मत आज कॉलेजच्या कट्ट्यापासून शिकल्यासवरल्या घरांपर्यंत रुळलं आहे. सोडल्यावर कुणी तक्रार केलीच, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून ती उडवून लावली जाते. हे मत खोडून काढायला हवं, कारण त्याचा फटका गांजा सोडू पाहणाऱ्यालाच सर्वांत जास्त बसतो.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभरातून हजारावर साक्षी नोंदवल्या आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, असा निष्कर्ष काढला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४च्या निदानपुस्तिकेतही गांजा सोडल्यानंतरच्या त्रासाला स्वतंत्र निदानाचं स्थान नव्हतं. शिवाय तुलना समोर असते. दारू अचानक तोडली तर कधी जिवावर बेतू शकतं; गर्दुल्ल्याची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, बघणाऱ्यालाही असह्य होते. त्यापुढे गांजा सोडणारा साधारण धडधाकटच दिसतो.

पण कमिशनचा निष्कर्ष अर्धाच सांगितला जातो. अतिसेवन अपायकारक आहे, असंही त्याच अहवालात आहे, आणि सोडण्याचा प्रश्न पडतो तो रोज ओढणाऱ्यालाच. संघटनेने २०१३च्या आवृत्तीत आपली भूमिका बदलली आणि हा त्रास निदान म्हणून नोंदवला: चिडचिड, अस्वस्थता, भूक मरणं, उदासी, झोप उडणं, विचित्र आणि ठसठशीत स्वप्नं, कधी घाम आणि थरथर. एक ते तीन दिवसांत तो सुरू होतो, पहिल्या आठवड्यात टोक गाठतो, दोनेक आठवड्यांत बराचसा ओसरतो. झोप रुळायला महिना, कधी त्याहून जास्त लागतो.

आता ‘मनाचे खेळ’ या आक्षेपाकडे येऊ. गांजातला मुख्य घटक टीएचसी. गांजा थांबवलेल्यांना तो गोळीतून दिला, काहींना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी दिली आणि कुणाला कुठली मिळाली हे लपवून ठेवलं, असे प्रयोग झाले आहेत. टीएचसी घेणाऱ्यांचा त्रास कमी झाला, दुसऱ्या गोळीने तसा झाला नाही. त्रास निव्वळ कल्पनेचा असता, तर दोन्ही गोळ्यांनी सारखंच काम करायला हवं होतं. मेंदूच्या चित्रणातही कारण दिसतं. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूत ज्या ग्राहकांवर (पेशींवरच्या रिसेप्टरांवर) टीएचसी काम करतो, ते काही भागांत घटलेले आढळले. सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर ते सावरले. म्हणून ‘एकदा लागला की आयुष्य संपलं’ हे घराघरांतलं उलट टोकही मला मान्य नाही.

‘लागत नाही’ या अज्ञानाचा परिणाम बघा. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणूस टक्क जागा राहतो, सकाळी आईवर खेकसतो, जेवण जात नाही. गांजा लागत नाही हे त्याने पक्कं धरलेलं असतं. मग तो ठरवतो की आपला स्वभावच असा आहे, गांजाच आपल्याला माणसात ठेवतो. तो पुन्हा झुरका घेतो, तासाभरात शांत होतो, आणि त्याला आपलं म्हणणं सिद्ध झालेलं दिसतं. ज्यामुळे झोप गेली, तेच झोपेचं औषध ठरतं! हे दिवस ठरावीक आहेत आणि सरतात, एवढं त्याला आधी कुणी सांगितलं असतं तर तो कदाचित टिकला असता.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. चिलमीत काय किंवा जॉइंटमध्ये काय, गांजासोबत तंबाखू बहुधा असतेच. सोडणारा नकळत दोन व्यसनं एकदम तोडत असतो आणि निकोटिनची तलफ गांजाच्या खात्यावर जाते. वेगळी सिगारेट न ओढणाऱ्यालाही हे लागू आहे.

सगळेच व्यसनी होत नाहीत, हे खरंच. दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीच्या २०१९च्या अहवालानुसार देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख होते. त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. बाकीच्यांच्या अनुभवावरून या ७२ लाखांना ‘सहज सुटतं’ म्हणून सांगणं मला क्रूर वाटतं.

शरीर सावरल्यावर उरते ती संध्याकाळ. सात वाजता मित्र जमायचे ती टपरी, गच्ची, त्याच चौघांचा ग्रुप. तिथे पुन्हा बसून ‘मी घेत नाही’ म्हणणं पहिल्या महिन्यात फार थोड्यांना जमतं. जेवण बेचव लागतं, गाणं सपाट वाटतं, वेळ खायला उठतो. ही वेळ आधीच भरून ठेवावी लागते: व्यायामाने, एखाद्या तालमीने, किंवा निदान ही अवस्था ठाऊक असलेल्या माणसाच्या सोबतीने. गांजा सोडवणारी खास मान्यताप्राप्त गोळी आज नाही. म्हणून समुपदेशन आणि समव्यसनींचा गट हेच मुख्य उपचार ठरतात, आणि फार जागरण झालं किंवा उदासी जिवावर उठली तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायलाच हवा. पुण्यात १९८६पासून चालणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत जाऊन तिथल्या लोकांशी बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ जण तिथवर पोचत नाहीत. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातच, सेवनासाठी किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४-अ आहे.