गृहनिरीक्षण (अमेरिका)

गृहनिरीक्षण म्हणजे घराच्या खरेदीचा व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी, सामान्यतः खरेदीदाराने स्वखर्चाने करवून घेतलेली घराच्या स्थितीची तपासणी होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा स्वतंत्र व्यवसाय असून ‘अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स’ ही व्यावसायिक संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. तपासणी डोळ्यांना दिसेल तेवढ्यापुरती असते; भिंत वा फरशी फोडली जात नाही. सांडपाण्याचा निचरा आणि विद्युत सॉकेट यांविषयीच्या नोंदी अशा अहवालांत वारंवार आढळतात.

संहितेशी संबंध

‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ ही विद्युत संहिता प्रथम १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली व तिची नवी आवृत्ती दर तीन वर्षांनी निघते. नळकामासाठी ‘इंटरनॅशनल प्लंबिंग कोड’ आणि ‘युनिफॉर्म प्लंबिंग कोड’ या दोन संहिता प्रचलित आहेत. या सर्व आदर्श संहिता होत. राज्याने वा शहराने स्वीकारल्यावरच त्यांना कायद्याचे बळ मिळते. जुन्या घराला सहसा ते बांधले गेले त्या वेळचे नियम लागू होतात. शिवाय गृहनिरीक्षक हा सरकारी अधिकारी नसतो आणि संहितेचे पालन झाले आहे की नाही हे ठरवण्याचे बंधन संघटनेच्या मानकांनुसार त्याच्यावर नाही. त्यामुळे ‘बांधले तेव्हा नियमानुसारच होते’ हे विक्रेत्याचे म्हणणे आणि ‘आज ते असुरक्षित आहे’ हे निरीक्षकाचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. चांगल्या अहवालात म्हणूनच कलमापेक्षा धोक्याचे वर्णन अधिक असते.

सांडपाण्याचा निचरा

बेसिनखालील वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, पाणी साचून राहते व गटारातील वायू घरात येण्यापासून रोखले जातात. महाराष्ट्रातील न्हाणीघरांत बसवला जाणारा नहाणी ट्रॅप याच तत्त्वावर चालतो. साचलेल्या पाण्याची खोली साधारणपणे २ ते ४ इंच असावी लागते. इंग्रजी ‘एस’ आकाराच्या ट्रॅपमधून पाणी वेगाने वाहून गेल्यास वक्रनलिकेच्या क्रियेने साचलेले पाणीही ओढले जाते आणि ट्रॅप कोरडा पडतो. नव्या बांधकामात तो निषिद्ध आहे. हवा आत येण्यासाठी छतापर्यंत वायुनलिका नेणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय. तिच्याऐवजी ओट्याखाली बसवलेला एकदिशा वायुझडप काही ठिकाणी मान्य आहे, तर काही ठिकाणी नाही. लहान व्यासाच्या नळीला दर फुटामागे पाव इंच उतार अपेक्षित असतो. जमिनीखालील मुख्य नळीची कॅमेऱ्याने केलेली पाहणी नेहमीच्या तपासणीत मोडत नाही. तिचे शुल्क वेगळे असते.

विद्युत सॉकेट

१९६२ च्या संहितेपासून नव्या बांधकामात अर्थिंगचे छिद्र असलेली सॉकेट सार्वत्रिक झाली. त्याआधीच्या घरांत दोन छिद्रांची सॉकेट असत. अनेकदा ती काढून तीन छिद्रांची बसवली गेली. अर्थिंगची तार मात्र टाकलीच गेली नाही. याहून घातक प्रकार म्हणजे सॉकेटमध्येच अर्थिंग आणि न्यूट्रल एकमेकांस जोडणे. तीन दिव्यांचे साधे परीक्षण-यंत्र अशा जोडणीला निर्दोष ठरवते. परंतु न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या आवरणातच वीज उतरते.

‘ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टर’ (जीएफसीआय) हे साधन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ मध्ये विकसित केले. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह यांत सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडताच ते वीज तोडते. भारतातील घरांत प्रचलित असलेला आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. संहितेने हे संरक्षण नव्या घरांतील स्नानगृहांसाठी १९७५ मध्ये व स्वयंपाकघरांसाठी १९८७ मध्ये आवश्यक केले.

या साधनाला अर्थिंगची गरज नसते. म्हणून अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात, ‘अर्थिंग नाही’ अशी पट्टी लावून, जीएफसीआयचे संरक्षण असलेले तीन छिद्रांचे सॉकेट बसवण्यास संहिता परवानगी देते. अशा ठिकाणी बाहेरून लावायच्या परीक्षण-यंत्राने साधन तुटत नाही, कारण ते यंत्र चाचणीसाठी अर्थिंगच्या तारेतच प्रवाह सोडते. तेवढ्यावरून सॉकेटला सदोष ठरवणे चुकीचे होय. साधनावरील चाचणीचे बटण दाबणे हीच तेथील ग्राह्य चाचणी. संघटनेच्या मानकांनुसार निरीक्षकाने सर्व नव्हे, तर प्रातिनिधिक संख्येइतकीच सॉकेट तपासणे अपेक्षित असते. कपाटामागचे सॉकेट त्यामुळे बहुधा तपासणीतून सुटते.