रंगवलेले ढग आणि एग्मोरचे परीक्षक

१८५५ साली मद्रासमध्ये दक्षिण हिंदुस्थानातल्या कच्च्या मालाचं, कलांचं आणि कारागिरीचं मोठं प्रदर्शन भरलं. धान्य, लाकूड, रंग, धागे अशा व्यापारी मालाच्या गर्दीत कॅप्टन लिनियस ट्राइप या मद्रास लष्करातल्या अधिकाऱ्याने ६८ फोटो मांडले होते. हळेबीड, बेलूर अशा ठिकाणच्या मंदिरांचे. ही शिल्पं त्याआधी कोणी कॅमेऱ्यात पकडली नव्हती. प्रदर्शनातल्या प्रत्येक विभागाला परीक्षक होते, तसे फोटोंनाही होते. त्यांनी ट्राइपच्या कामाला कागदावरच्या फोटोंची सर्वोत्तम मालिका ठरवलं आणि आपला निवाडा प्रदर्शनाच्या छापील अहवालात नोंदवला.

दुसऱ्याने काढलेल्या फोटोवर मत द्यायचं, आणि ते लिहून ठेवायचं, या गोष्टीची मद्रासमधली ही सुरुवातीची ठळक नोंद. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. चांगला फोटो कशाला म्हणायचं याची परंपराच नव्हती. चित्राला शेकडो वर्षांची मोजमापं होती, फोटोला एकही नव्हतं. ते मोजमाप एकमेकांच्या कामाकडे बघूनच घडणार होतं, आणि मद्रासमध्ये ते घडलं ते मुख्यतः एग्मोरच्या परिसरात.

आज रेल्वेने चेन्नईला जाणाऱ्या मराठी माणसाला एग्मोर ठाऊक असतं ते स्टेशनमुळे. ते स्टेशन १९०८ चं. त्याच्या अर्धशतक आधी या भागात दोन संस्था येऊन वसल्या होत्या. पहिली कलाशाळा. अलेक्झांडर हंटर या लष्करी डॉक्टरने १८५० साली स्वतःच्या पैशाने पॉफम्स ब्रॉडवेवर ती सुरू केली. दोन वर्षांत ती पूनमल्ली हाय रोडवर आली आणि १८५५ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. आजचं शासकीय ललितकला महाविद्यालय ते हेच. दुसरी संस्था पँथिऑन रोडवरचं सरकारी संग्रहालय. १८५१ मध्ये ते दुसरीकडे सुरू झालं होतं, १८५४ मध्ये पँथिऑनच्या इमारतीत आलं.

हंटरच्या शाळेत रेखाटन, कोरीवकाम, मातीकाम आणि फोटोग्राफी एकाच आवारात चालत. हे महत्त्वाचं आहे. ज्याचे हात ठशाच्या लाकडावर छाया-प्रकाशाच्या रेघा कोरतात, तो फोटोकडे नुसतं ‘हुबेहूब आलाय’ म्हणून पाहत नाही. सावली कुठे मेली, काळ्यात तपशील उरला का, दगडाचा खरखरीतपणा कागदावर जाणवतो का, हे त्याच्या लगेच नजरेत भरतं. १८५६ मध्ये मद्रास फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली ती याच हंटरच्या पुढाकाराने.

मुंबई या बाबतीत दोन वर्षं पुढे होती. तिथली सोसायटी १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या पहिल्या हिंदुस्थानी सभासदांपैकी, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः कॅमेरा चालवणारे, प्रदर्शनात फोटो मांडणारे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाला. कलकत्त्याची सोसायटी १८५६ ची. तिथला एक प्रसंग या संस्थांचं दुसरं रूप दाखवतो. राजेंद्रलाल मित्र यांनी १८५७ मध्ये निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध जाहीर भाषण केलं आणि सोसायटीने त्यांना काढून टाकलं. फोटोंच्या गुणदोषांची चर्चा करायला जमलेल्या लोकांमध्येही कोणी बोलायचं आणि कोणी नाही, हे ठरलेलं होतं.

पुन्हा ट्राइपकडे. रजेवर इंग्लंडला गेलेला असताना तो १८५३ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीचा सभासद झाला होता. ती त्याच वर्षी निघाली होती आणि निघताच तिथे भांडण पेटलं होतं. सर विल्यम न्यूटन या लघुचित्रकाराने सांगितलं की कलेच्या दृष्टीने फोटो थोडा अस्पष्ट असला तर बिघडत नाही, उलट शोभतो. आणि निगेटिव्हवर हात फिरवायलाही हरकत नाही. सभेत गदारोळ झाला. काटेकोरपणा हाच फोटोचा धर्म मानणाऱ्यांना हा भ्रष्टाचार वाटला. आज कोणत्याही कॅमेरा क्लबात फोटोशॉपवरून जो वाद होतो, त्याची ही पहिली फेरी होती.

ट्राइपने यात भाषण केलं नाही, काम केलं. त्या काळची निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई. देवळाच्या दगडाला पुरेसा प्रकाश मिळेपर्यंत आभाळ जळून जायचं. प्रिंटवर उरायचा कोरा, डागाळलेला पांढरा पट्टा. बहुतेक जण निगेटिव्हवरचा आभाळाचा भाग काळ्या रंगाने झाकत आणि आकाश सपाट पांढरं करून मोकळे होत. ट्राइपने कागदी निगेटिव्हवर रंगाने ढग काढले. गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५५ मध्ये ब्रह्मदेशाच्या राजाकडे जे शिष्टमंडळ पाठवलं, त्याबरोबर तो गेला होता. परतल्यावर त्याने त्या प्रवासाच्या १२० दृश्यांचे ५० संच बंगळूरला छापले. त्यांतल्या कितीतरी चित्रांत पॅगोडांवर तरंगणारे ढग ब्रशने आलेले आहेत. झाडांच्या पानांनाही त्याने जागोजाग उठाव दिला आहे.

कागदी निगेटिव्ह मेण लावून तयार केली की ती काही दिवस टिकते, बैलगाडीतून नेता येते. काचेवरचं कलोडियन मात्र ओलं असतानाच वापरावं लागे, आणि मद्रासच्या उकाड्यात ते फार भराभर वाळे. म्हणजे कागद निवडण्यामागे प्रवासाचं गणित होतं. त्या कागदाचे तंतू प्रिंटमध्ये किंचित उतरतात आणि काठ मऊ करतात, ही त्यातली भर. असा फोटो पारखायचा तर तो कशावर, कुठल्या हवेत काढला हे माहीत असलेला माणूस लागतो. मद्रासला तशी माणसं त्याला मिळाली.

मद्रास सरकारने १८५६ मध्ये ट्राइपला सरकारी छायाचित्रकार नेमलं. १८५७ च्या डिसेंबरात तो निघाला आणि श्रीरंगम, तिरुचिरापल्ली, पुदुकोट्टै, मदुरै, तंजावर असा फिरला. तंजावर हे नाव मराठी वाचकाला थांबवणारं. तिथले दुसरे शिवाजीराजे १८५५ च्या ऑक्टोबरात वारले, पुत्र नव्हता, आणि कंपनीने राज्य खालसा केलं. ट्राइपचा कॅमेरा तिथे पोचला तेव्हा भोसल्यांची गादी जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे, तो आपल्याकडे अनेकांना ठाऊक असतो. ट्राइपचं लक्ष मात्र विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, जोत्यावर गेलं. तिथे चोळांच्या काळातले तमिळ लेख ओळीने धावतात.

हे लेख एका फोटोत मावणं शक्यच नव्हतं. त्याने भिंतीपासूनचं अंतर सांभाळत, कॅमेरा पुढे पुढे सरकवत ते टिपले आणि २१ प्रिंट एकापुढे एक जोडून सुमारे १९ फूट लांबीची गुंडाळी केली. १८५८ साली! फोटो म्हणजे एका चौकटीत बसलेलं दृश्य, ही समजूत त्याने उधळून लावली. ही गुंडाळी पाहणाऱ्याला चालायला लावते. पुराभिलेखांचे अभ्यासक ई. हुल्ट्श यांनी तंजावरच्या लेखांचं वाचन छापायला घेतलं ते १८९१ पासून, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळाने. प्रयोग म्हणून आणि पुरावा म्हणून, दोन्ही अंगांनी हे काम एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी फोटोग्राफीत अव्वल आहे.

१८५८ मध्येच ट्राइप एग्मोरच्या संग्रहालयात अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं टिपत होता. वॉल्टर इलियटने १८४५ मध्ये उकरलेले हे संगमरवरासारखे दिसणारे चुनखडीचे दगड वर्षानुवर्षं मद्रासमध्ये उन्हापावसात पडून होते. त्यांतला मोठा भाग पुढच्याच वर्षी लंडनला रवाना झाला, म्हणून ट्राइपच्या फोटोंची किंमत दुप्पट. उरलेली आणि नंतर सापडलेली शिल्पं अजून पँथिऑन रोडवर पाहता येतात.

मग दुसऱ्या जातीचा अभिप्राय आला. सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीत खडखडाट होता. त्यांच्या लेखी ट्राइपचं खातं ही न परवडणारी चैन होती, आणि ते बंद झालं. हिशेबाच्या वहीकडे पाहिलं तर ट्रेव्हेल्यन यांना दोष देता येत नाही. पण फोटोकडे पाहून दिलेलं मत आणि खर्चाकडे पाहून दिलेलं मत यांतला फरक इथे लख्ख दिसतो. परीक्षकांनी चित्र पाहिलं होतं. गव्हर्नरने फक्त रकमा. ट्राइप १९०२ पर्यंत जगला, पण या निर्णयानंतर त्याने फोटोग्राफीत पुन्हा मोठं काम केलं नाही. वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये त्याचं एकत्रित प्रदर्शन फिरलं ते २०१४-१५ मध्ये.

एग्मोरमध्ये कॅमेरा थांबला नाही, त्याचं काम बदललं. नीलगिरीच्या आदिवासींवरचं जे. डब्ल्यू. ब्रीक्स यांचं पुस्तक १८७३ मध्ये निघालं, त्यातले फोटो मद्रासच्या कलाशाळेने काढलेले. १८८५ ते १९०८ या काळात संग्रहालयाचे प्रमुख असलेले एडगर थर्स्टन तर माणसांची नाकं आणि कवट्या मोजत. १९०९ मध्ये आलेल्या त्यांच्या सात खंडांमध्ये दक्षिणेतल्या जातीजमाती फोटोंसह मांडलेल्या आहेत. या फोटोंना कलेचे परीक्षक नव्हते आणि असावेत असं कोणाला वाटलंही नाही. ज्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं त्यांचं मत तर कोणी विचारलंच नाही. ही मोठी उणीव होती आणि ती भरून निघायला शंभर वर्षं लागली.

भरून काढली बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात त्यांनी दक्षिणेतल्या स्त्रियांच्या प्रतिमांची मालिका केली. राजा रविवर्म्याच्या चित्रातली स्त्री, सिनेमातली नायिका, आणि जुन्या मोजमापाच्या फोटोंतली तोडा स्त्री, या सगळ्या जणी पुष्पमाला स्वतः झाल्या. चौकड्यांच्या पडद्यासमोर, मोजणाऱ्याच्या तावडीत उभी असलेली ती तोडा स्त्री पाहिली की थर्स्टनच्या पिढीचे फोटो पूर्वीसारखे पाहता येत नाहीत. दुसऱ्याच्या फोटोवर मत द्यायला शब्दच लागतात असं नाही, फोटोनेही फोटोला उत्तर देता येतं, हे इतक्या ताकदीने भारतात क्वचितच कोणी दाखवलं असेल. चेन्नई फोटो बिनालेच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीची सूत्रं याच पुष्पमालांकडे होती. बिनालेचं मुख्य दालन मरीनाजवळच्या सेनेट हाऊसमध्ये होतं, एग्मोरपासून फार लांब नाही.

थर्स्टन आणि पुष्पमाला यांच्या मधला काळ कॅमेरा क्लबांचा आणि सलोन नावाच्या स्पर्धा-प्रदर्शनांचा. १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली आणि देशभरच्या क्लबांना एक सामायिक पद्धत मिळाली. सलोनमध्ये परीक्षक बसतात, एकेक प्रिंट समोरून जाते, प्रत्येक जण गुण देतो, बेरजेवर ‘स्वीकृत’ किंवा ‘नामंजूर’ ठरतं. हजारो प्रवेशिका एकदोन दिवसांत बघायच्या तर दुसरा मार्ग नाही. या पद्धतीने गावोगावच्या हौशी माणसाला राष्ट्रीय पातळीवर नेलं, हे तिचं श्रेय. पण डार्करूममध्ये रात्र जागवून सोलरायझेशन करणाऱ्याला, लिथ फिल्मवर मधले सारे करडे रंग गाळून फक्त काळं-पांढरं ठेवणाऱ्याला, बास-रिलीफची निगेटिव्ह मिलिमीटरभर सरकवून पाहणाऱ्याला घरी पोस्टाने काय यायचं? आकडा. प्रयोग फसला कुठे आणि जमला कुठे, हे त्या आकड्यात नसतं. बांधीव निसर्गदृश्याला गुण देणं सोपं. जे अजून कोणी केलेलं नाही, त्याला कारणासकटच पारखावं लागतं.

ते काम होत आलं क्लबच्या महिन्याच्या बैठकीत. मद्रासची सोसायटी आज आपला जन्म १८५७ चा सांगते आणि अजून चालू आहे. पुणे, ठाणे, कोल्हापूर, नाशिक, जिथे जिथे क्लब आहेत तिथे ज्येष्ठ सभासद नवख्याच्या प्रिंटसमोर उभे राहून ‘इथला कोपरा दाब’, ‘ही सावली राहू दे’, ‘हे का केलंस ते सांग’ असं बोलत आले आहेत. या बोलण्यातून माणसं घडली, आणि हेच बोलणं सगळ्यात आधी हरवलं. १८५५ च्या परीक्षकांनी ट्राइपबद्दल काय म्हटलं ते आज सांगता येतं, कारण ते छापलं गेलं. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत क्लबांच्या खोल्यांत जे बोललं गेलं, त्यातलं फारच थोडं कागदावर आहे.

म्हणून प्रत्येक क्लबने एक वही घालावी. बैठकीची तारीख, फोटो कोणाचा, कसा काढला, आणि कोण काय म्हणालं, एवढं तीत लिहावं. विशेषतः जे फोटो सभासदांना कळले नाहीत त्यांच्याबद्दल जास्त लिहावं. वर्ष संपलं की तिची एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी. खर्च एका वहीचा आहे, आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीपासून हे सुरू करता येईल.