बर्फ, बंदूक आणि बायका

नातू हिवाळ्यात संगणकावर बायथलॉन लावून देतो. शुक्रवार-शनिवारी स्प्रिंट, रविवारी पाठलागाची शर्यत, एकाच मैदानावर आधी बायका मग पुरुष, किंवा उलट. दोन पट्ट्यांवर बर्फातून धापा टाकत पळायचं, मधेच थांबून पाच चकत्यांवर गोळ्या झाडायच्या, की पुन्हा पळायचं. चकत्या ५० मीटरवर. उभं राहून मारायची चकती छोट्या बशीएवढी, ११५ मिलिमीटरची. पालथं पडून मारायची मात्र ४५ मिलिमीटरची, म्हणजे साधारण लिंबाएवढी. नेम चुकला की १५० मीटरचा दंडाचा फेरा. वैयक्तिक शर्यतीत फेऱ्याऐवजी वेळच वाढवतात.

या खेळाचं मूळ सैन्यात. १९२४ साली शामोनीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये लष्करी गस्तीची शर्यत होती. बायथलॉन या नावाने खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो १९६०ला, अमेरिकेत स्क्वॉ व्हॅलीला. त्या दिवशीची गंमत मला फार आवडते. फ्रान्सचा व्हिक्टर आर्बे सगळ्यांत वेगात पळाला, पण वीसपैकी अठरा गोळ्या चुकल्या. स्वीडनचा क्लास लेस्टांडर वेगात पंधरावा होता, पण त्याच्या विसाच्या वीस लागल्या. प्रत्येक चुकीला दोन मिनिटं वाढत होती. सुवर्णपदक अर्थातच लेस्टांडरचं. वर्गात ही गोष्ट सांगितली की घाईने पेपर सोडवणारी मुलं माझ्याकडे संशयाने बघत.

तेव्हा बंदुका मोठ्या, लष्करी होत्या. १९७८ पासून पॉइंट बावीसची हलकी बंदूक आली. हलकी म्हणजे काय, तरी किमान साडेतीन किलो, आणि ती पूर्ण शर्यतभर पाठीवर.

आणि बायका? त्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली १९८४ साली, शामोनीलाच. सोव्हिएत संघाची व्हेनेरा चेर्निशोवा दोन्ही वैयक्तिक शर्यती जिंकली. पण पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत बायकांना जागा नव्हती. त्यांची वेगळी, लांब कुठेतरी. दोन्ही एकत्र झाल्या १९८९ला, ऑस्ट्रियातल्या फाइस्ट्रिट्झला. ऑलिंपिकला तर १९९२ उजाडलं. म्हणजे पुरुषांनंतर बत्तीस वर्षांनी! त्या पहिल्या स्प्रिंटमध्ये अन्फिसा रेत्सोवा जिंकली. तिचे तीन नेम चुकले होते, तरीही. आधी ती नुसत्या स्कीइंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवून बसली होती, त्यामुळे दंडाचे फेरेही तिने पळून भरून काढले.

हे लिहिता लिहिता एक जुनी गोष्ट वर आली. आमच्या शाळेत एनसीसीची फक्त मुलांची तुकडी, आणि तिचा अधिकारी मी. पॉइंट बावीसचीच रायफल, पंचवीस यार्डांवर पुठ्ठ्याचं लक्ष्य. १९८४-८५ची गोष्ट असेल. नववीतली एक मुलगी मैदानाच्या कडेला यायची आणि सराव संपला की पुठ्ठ्यांवरची भोकं मोजायची. एकदा म्हणाली, "सर, मला एक गोळी मारू द्या ना." मी म्हटलं, "मुलींना कशाला बंदूक? घरी जा, उशीर झालाय." नियम होता हे खरं. पण मी नियमाचं नाव घेतलं नव्हतं, मी तेच बोललो जे मनात होतं. त्याच वर्षी शामोनीत बायका नेम धरत होत्या, हे मला तेव्हा कुठून कळणार? आणि कळलं असतं तरी काय फरक पडला असता, देव जाणे.

ती पुठ्ठे आवरून, नीट रचून देऊन गेली. पुन्हा आली नाही.

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, बायकांची स्प्रिंट साडेसात किलोमीटर आणि पुरुषांची दहा, असं का? दमतात का त्या?" पडद्यावर एक पोरगी उभी राहून नेम धरत होती. श्वासाने छाती वरखाली होत होती, बंदुकीची नळी मात्र हळूहळू स्थिर होत गेली. पाच चकत्या, पाचही पांढऱ्या. मी म्हटलं, "थांब जरा, तिला पुढे जाऊ दे, मग सांगतो."