थॉमस कुक यांची पृथ्वीप्रदक्षिणा

कामधंद्यांतून मोकळें झाल्यावर दूरदूरचे देश पाहावे, अशी हौस पुष्कळांस असते. परंतु उतारवय, बेताचा पैसा आणि नाजूक प्रकृति या तिहींचा मेळ कसा घालावा, या विचारांतच अनेकांचीं वर्षें निघून जातात. सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं थॉमस कुक नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं या प्रश्नाचें उत्तर स्वतः प्रवास करून दिलें.

१८०८ सालीं गरीब घरांत जन्मलेले कुक तरुणपणीं सुतारकाम करीत. ५ जुलै १८४१ रोजीं त्यांनीं लेस्टरहून लफबरो येथील मद्यपानबंदीच्या सभेस सुमारें ५०० माणसें, माणशीं एक शिलिंग घेऊन, खास आगगाडीनें नेलीं. तेथून त्यांचा प्रवासी मंडळ्या नेण्याचा धंदा वाढत गेला. पुढें २६ सप्टेंबर १८७२ रोजीं, वयाचीं ६३ वर्षें पूर्ण झालेलीं असतांना, ते मोजक्या सोबत्यांसह लिव्हरपूल बंदरांतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले.

ही प्रदक्षिणा केवळ धाडसावर साधली नाहीं. १८६९ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या आरपार जाणारा लोहमार्ग जुळला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला. आणि १८७० च्या मार्चांत जबलपूर येथें रूळ मिळून मुंबई व कलकत्ता हीं शहरें जोडलीं गेलीं. वाट तयार झाल्यावरच कुक निघाले. ऋतूही अनुकूल लाभला. अमेरिका, जपान, चीन, सिंगापूर व सिलोन करीत ते हिंवाळ्यांत हिंदुस्थानांत आले. काशी, आग्रा, दिल्ली पाहून ते मुंबईस बोटीवर चढले, आणि तांबड्या समुद्रावर उन्हाळा पेटण्यापूर्वींच मिसरास पोंचले. सारा प्रवास २२२ दिवसांचा झाला. म्हाताऱ्या माणसानें तिकिटापूर्वीं पंचांग पाहावें, तें मुहूर्तासाठीं नव्हे, हवेसाठीं, हा यांतील पहिला बोध.

दुसरा बोध घराविषयींचा. मागें पेढी पुत्र जॉन मेसन सांभाळीत होते. पितापुत्रांचें नेहमीं पटे असें नाहीं. तथापि कारभार जाणत्या हातीं होता, म्हणून सात महिन्यांहून अधिक काळ वडिलांस दूर राहतां आलें. आजच्या निवृत्तानेंही मृत्युपत्र, घराच्या किल्ल्या, कर आणि पेन्शनीसाठीं नोव्हेंबरांत द्यावयाचा हयातीचा दाखला यांची व्यवस्था आधीं लावावी. मन घरीं अडकलें, तर देह परदेशीं जाऊन उपयोग काय?

तिसरा बोध पैशाचा. रोकड जवळ बाळगणें धोक्याचें, हें आपल्याकडील काशीयात्रेकरूही जाणत. ते पेढीची हुंडी घेऊन निघत. कुक यांनीं १८६८ सालीं खाणावळींच्या चिठ्ठ्या काढल्या व १८७४ सालीं न्यूयॉर्क येथें ठिकठिकाणीं वटणाऱ्या पतनोटा सुरू केल्या. १८९१ सालीं अमेरिकन एक्स्प्रेसनें दुहेरी सहीचा प्रवासी धनादेश काढला. आतां त्या जागीं बँकेचें कार्ड आलें आहे. तरी एकच कार्ड घेऊन निघणारा माणूस एकाच दोरावर विहिरींत उतरत असतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं कुक यांच्या नांवाची कंपनीच बुडाली आणि दीड लाखांहून अधिक ब्रिटिश प्रवासी परदेशीं अडकले. त्यांस परत आणण्यासाठीं सरकारला विमानें धाडावीं लागलीं. म्हणून दुसरें कार्ड, थोडी रोकड आणि प्रवासाचा विमा हीं वेगवेगळ्या खिशांत असावीं. जुन्या आजारांची माहिती विमा उतरवितांना लपवूं नये; नाहींतर ऐन वेळीं तोच विमा निरुपयोगी ठरतो. औषधें पुरेशीं घेऊन, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतील पिशवींत ठेवावीं.

प्रवासांत कुक घरीं व वृत्तपत्रास पत्रें लिहीत राहिले. त्यांचें पुढें पुस्तक झालें. १८९२ सालीं ते वारले; अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टि गेली होती. जें पाहावयाचें तें डोळे शाबूत असतांना त्यांनीं पाहून घेतलें होतें. तयारी पुरती करावी, हें खरें. पण तयारीच्या निमित्तानें निघणें मात्र पुढें ढकलीत बसूं नये.