शुगर लो झाली तर साखर की ग्लुकोज? उत्तर आतड्याच्या अस्तरात

सुरत : कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला सुरतेत घारी खाल्ली जाते. उधना-लिंबायतच्या खान्देशी मंडळींनाही ती चांगलीच ठाऊक आहे. पण घारीतली साखर थेट रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरचं सुक्रेज हे एन्झाइम, म्हणजे विकर, आधी तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करतं.

पेशीत शिरलेलं बरंचसं ग्लुकोज रक्तात जातं. थोडं पेशी स्वतःच वापरते. त्यासाठी हेक्सोकायनेज, पायरुव्हेट कायनेज अशी विकरं असतात. या विकरांचं काम कायम सारख्या जोरात चालत नाही. उपवासात ते मंदावतं, साखरेचा आहार सुरू झाला की काही दिवसांत वाढतं. अस्तराच्या पेशीही साधारण ३ ते ५ दिवसांत बदलतात.

मधुमेहाच्या अकार्बोज आणि व्होग्लिबोज या गोळ्या सुक्रेजसारख्या विकरांनाच अडवतात. त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. मात्र सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर शुगर लो होऊ शकते. घाम येतो, हातपाय थरथरतात. अशा वेळी साखर किंवा घारी खाऊन लवकर आराम पडत नाही, कारण ती फोडणारं विकरच अडलेलं असतं. ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी. तिला फोडावं लागत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

या गोळ्या चालू असलेल्यांनी ग्लुकोजची पुडी खिशात ठेवलेली बरी, कामावर जातानाही.